ऐतिहासिक कादंबरी आणि वरसईचे गोडसे भटजी

ऐतिहासिक कादंबरींत इतिहासाचा आधार किती असावा आणि कल्पनेस मोकळीक किती द्यावी, हा वाद जुना आहे. त्याचा विचार करूं पाहणाऱ्या श्रोत्यांनीं पेणजवळील वरसई गांवचे विष्णुभट गोडसे यांची हकीगत ध्यानांत घ्यावी.

कर्जानें गांजलेले हे भिक्षुक १८५७ सालीं दक्षिणेच्या आशेनें उत्तर हिंदुस्थानाकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यांत सांपडले. झांशीचा वेढा व लूट त्यांनीं प्रत्यक्ष पाहिली. मिळविलेलें द्रव्य गेलें. घरीं आली ती गंगेची कावड. सुमारें पंचवीस वर्षांनीं त्यांनीं हें सारें लिहून काढलें. चिंतामण विनायक वैद्य यांनीं १९०७ सालीं ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध केला, परंतु भाषेंत फेरफार करून व कांहीं भाग गाळून. मूळ लेखनाबरहुकूम प्रत दत्तो वामन पोतदार यांनीं १९६६ सालीं काढली. मधल्या एकोणसाठ वर्षांत लोकांनीं गोडशांचे म्हणून जे शब्द वाचले, त्यांवर वैद्यांचाहि हात फिरलेला होता.

याच वैद्यांनीं १९१४ सालीं पानिपतावर ‘दुर्दैवी रंगू’ ही कादंबरी लिहिली. तेथें पात्रांच्या मुखीं स्वतःचे शब्द घालण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. कारण आपण कादंबरी वाचीत आहों, हें वाचकास ठाऊक होतें. कल्पना करणें हा दोष नव्हे. कल्पनेस साक्षीचा वेष चढविणें हा दोष होय.

मग शोध कशाचा करावा? तारखा व लढाया कोठेंहि सांपडतात. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशीं तहानलेली राणी लक्ष्मीबाई एका ओळखीच्या भटजीस पाणी काढूं न देतां तें स्वतःच काढून ओंजळीनें पिते, हा प्रसंग मात्र गोडसेच सांगतात. त्या क्षणीं राणीच्या मनांत काय आलें, हें त्यांनाहि कळणें शक्य नव्हतें. कादंबरीकाराचें क्षेत्र तेथून सुरू होतें. अर्थात् साक्षहि तपासून घ्यावी. पंचवीस वर्षांनंतरच्या स्मृतीला इतर कागदांची जोड हवीच.

पेणहून रोह्यास निघालेल्या १८५७ सालच्या पात्रानें वाटेंत काय चिंतिलें, हें लेखकानें खुशाल रचावें. मात्र त्यास आगगाडींत बसवूं नये, कीं कुंडलिकेचा तीर सोडून रोहें अन्यत्र नेऊं नये. एका पिढीची कादंबरी पुढच्या पिढीच्या तोंडीं इतिहास होऊन बसते. म्हणून आपण काय शोधिलें आणि काय रचिलें, हें प्रस्तावनेंत चार ओळींत सांगावें. त्यानें कथेची गोडी तिळमात्र कमी होत नाहीं, आणि वाचकाचा विश्वास दुणावतो.