पाणबुड्याचें परतीचें तिकीट
समजा, मालदीवच्या समुद्रांत चार दिवस बुड्या मारलेल्या एका मुंबईकर गृहस्थापुढें दोन तिकिटें आहेत: पहाटे पांचचें, कोलंबोस विमान बदलावयाचें, स्वस्त, आणि सायंकाळचें, थेट, महाग. शेवटची बुडी आदल्या दुपारीं दोनची. खोल पाण्यांत दाबामुळें अंगांत मुरलेला नायट्रोजन सावकाशच निघतो. विमानांतील हवा मात्र २,४०० मीटर उंचीवरच्याइतकी विरळ असूं शकते. घाई केल्यास त्या वायूचे बुडबुडे होऊन सांधे धरतात, क्वचित् अर्धांगहि होतें. म्हणून अनेक बुड्यांनंतर निदान १८ तास थांबावें, असा संकेत आहे. पहाटेपर्यंत भरतात पंधराच! कोलंबोचा मुक्काम हिशेबांत धरणें भाबडेपणाचें. मोजणी पहिल्या उड्डाणापाशींच संपते. गृहस्थानें सायंकाळचें घ्यावें. दुपार वाळूवरहि बरी जाते.