त्या फोटोवरचा डाग
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला पाच मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय 'शाळेने मला काय दिलं'. मी त्याऐवजी एका डागाबद्दल बोलणार आहे. तुम्हा सगळ्यांच्या घरी तो आहे.

१९९६ च्या निरोप समारंभाचा आपला ग्रुप फोटो आठवा. मागच्या रांगेत डावीकडे पांढरा पट्टा आलाय आणि त्यात आपल्या तिघी मैत्रिणींचे चेहरे निम्मे पुसले गेलेत. फोटो सरांनी त्यांच्या वडिलांच्या आग्फा आयसोलेट कॅमेऱ्यावर काढला होता. कॅमेरा सांभाळायचं काम आपल्यातल्या एकाकडे होतं. प्रिंट आल्यावर आपण ठरवून टाकलं की यानेच मागचं झाकण उघडून बघितलं. तो नाही नाही म्हणत राहिला. सरांनी त्याला एका शब्दाने विचारलं नाही, पण आपण सोडलं नाही. आणि 'मी त्याला कॅमेऱ्याशी खटपट करताना पाहिलं' असं सांगणारी मुलगी मीच होते.

या मेळाव्यासाठी जुने फोटो स्कॅन करायचं काम माझ्याकडे आलं. सरांकडे गेले, तर त्यांनी निगेटिव्हचं पाकीट तर दिलंच, वर कॅमेराही हातात ठेवला. म्हणाले, "बघ, चालतोय का."

माझा धंदा सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचा. त्यातला पहिला नियम असा, की संशयिताकडे नंतर बघायचं, आधी पुरावा बघायचा. तीस वर्षांपूर्वी आपण नेमकं उलट केलं होतं.

निगेटिव्ह उजेडात धरली. प्रिंटवर जे पांढरं, ते निगेटिव्हवर काळं दिसतं. या कॅमेऱ्यात १२० नंबरचा रोळ बसतो, त्यावर सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो येतात. फिल्मच्या पाठीला काळा कागद असतो. मागचं झाकण उघडलं, तर उजेड कागदाच्या कडांवरून आत शिरतो. मग फिल्मच्या दोन्ही कडा, जिथे आकडे छापलेले असतात, त्या आधी काळ्या पडतात आणि एकाच नव्हे, शेजारच्या फोटोंपर्यंत तो काळेपणा पसरतो. आपल्या निगेटिव्हच्या कडा स्वच्छ होत्या. डाग चौकटीच्या आत सुरू होऊन चौकटीवरच कापल्यासारखा थांबला होता. म्हणजे उजेड मागून आलाच नाही. तो पुढून, चौकटीतून आला.

कॅमेऱ्याच्या पाठीला आकडा बघायची एक लाल खिडकी असते, तिच्यावरही माझा संशय होता. पण तिथून उजेड आला असता, तर डाग खिडकीसारखा गोल आणि बहुधा कागदावरच्या आकड्याची छाप घेऊन आला असता. तसं काही नव्हतं.

मग त्याच रोळावरचे बाकीचे फोटो पाहिले. हॉलमधले सगळे निर्दोष. मैदानावरच्यांत जवळपास त्याच कोपऱ्यात अगदी फिकट डाग. गडद डाग फक्त आपल्या ग्रुप फोटोवर.

आता उरला भाता. या कॅमेऱ्याची लेन्स पुढे ओढली की मागे काळा भाता उलगडतो, पेटीच्या भात्यासारखा. रात्री खोलीतले दिवे मालवले, कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं आणि आत छोटी बॅटरी लावून भाता बाहेरून न्याहाळला. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात, घडीच्या टोकाला, एक ठिपका चमकला. सुईच्या टोकाएवढा. या कॅमेऱ्यांचे भाते तिथेच झिजतात, हे जुन्या कॅमेऱ्यांचे शौकीन जाणतात.

तरी खात्री हवी. कारण तीस वर्षांत भाता आणखी झिजला असणारच. नवा रोळ घातला आणि मैदानावर त्या दिवशी ऊन जसं डावीकडून, थोडं पुढून पडत होतं तसा कॅमेरा गच्चीत उघडून ठेवला. बटण दाबलंच नाही. पंधरा मिनिटांनी बंद केला. रोळ धुऊन आणला, तर निगेटिव्हवर दुसरं काहीच नाही, फक्त डाग. आणि लेन्स चित्र उलटं पाडते, त्यामुळे निगेटिव्हच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातला हा डाग प्रिंटमध्ये येतो वर डावीकडे. आपल्या तिघी उभ्या होत्या, तिथेच. नंतर भोकावर काळी पट्टी चिकटवून तोच प्रयोग केला. कोरी फिल्म.

आता शेवटचा प्रश्न. आपल्याच फोटोवर डाग इतका गडद का? शटर क्षणभरच उघडतं. पण भात्याचं भोक कॅमेरा उघडा आहे तोवर उजेड आत सोडत राहतं. आठवा, सरांनी कॅमेरा स्टँडवर लावून तयार ठेवला होता आणि आपण? उंचीवरून भांडत होतो, कोण कोणाशेजारी उभं राहणार यावरून रुसत होतो, दोघं पाणी प्यायला गेले होते. तेवढा सगळा वेळ ऊन आत झिरपत होतं. त्या फोटोवर जे पांढरं आहे, तो आपला गोंधळ आहे, मित्रांनो. झाकण कुणी उघडलंच नव्हतं.

मी पाहिलेली खटपट म्हणजे, तो कॅमेऱ्याच्या चामडी पिशवीचं बटण लावत होता. हे मला त्याने मागच्या आठवड्यात फोनवर सांगितलं. तेव्हाही सांगितलं असतं, पण मी विचारलंच नव्हतं. पाहिलं तेवढं खरं होतं, त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा होता.

तो आज तिसऱ्या रांगेत बसला आहे. नाव घेत नाही, सगळ्यांना माहीत आहे. फोनवर तुझी माफी मागितली, पण आरोप सगळ्यांसमोर केला होता, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागते. चुकलं माझं.

सर, कॅमेरा चालतोय. भाता दुरुस्त केलाय, रोळही भरलाय. आता जेवणाआधी सगळे मैदानावर चला. कॅमेरा तोच सांभाळेल.

आणि या वेळी रांगा जरा लवकर लावा.