चार बुरूज आणि एक शहर
(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



१८८९ साली पॅरिसमध्ये आयफेल मनोरा सर्वांसाठी खुला झाला. सुमारे ३०० मीटर उंचीच्या त्या लोखंडी मनोऱ्याने त्या नगरीला नवी ओळख दिली. त्याच वर्षी बेंगळुरूच्या लालबागेत काचघराची कोनशिला बसली. परंतु या शहराची खरी खूण त्या काचघराहून कितीतरी जुनी आणि फार ठेंगणी आहे. लालबागेतील खडकावर उभा असलेला केंपेगौडांचा टेहळणी बुरूज म्हणजे एक छोटासा दगडी मंडप आणि त्यावर लहानसे शिखर, एवढेच. उंची लाभली आहे ती पायाखालच्या खडकामुळे. तो खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा असून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्यास राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित केले आहे.

१५३७ साली केंपेगौडांनी हे नगर वसविले. त्यांच्या घराण्याने चार दिशांना चार बुरूज उभारले: लालबाग, उलसूर, केंपांबुधी तलावाचा काठ आणि मेखरी सर्कलचा परिसर. नगर वाढेल ते येथवरच, असे भाकीत त्यांच्याशी जोडले जाते. भाकीत केव्हाच खोटे ठरले. आपली मारतहळ्ळी उलसूरच्याही कितीतरी पूर्वेला आहे. (गावाच्या नावात मराठी कानांना ‘मराठा’ ऐकू येतो, लोक मात्र ‘मारुत’ विमानाची कथा सांगतात.)

तथापि मराठी माणसाचे या नगराशी असलेले नाते नावावर अवलंबून नाही. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने हे नगर जिंकले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुढे व्यंकोजीराजांकडे ते राहिले. १६८७ मध्ये मोगलांनी ते घेतले आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांस तीन लाख रुपयांना दिले. म्हणजे जवळजवळ अर्धशतक येथे भोसल्यांची सत्ता होती. या नगरात वाढणाऱ्या मराठी मुलाने स्वतःस पाहुणा का मानावे?

चारपैकी दोन बुरूज पाण्याच्या काठी आहेत, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. नगर वसविणाऱ्यांना आपल्या तलावांचे मोल ठाऊक होते. आणि आज? मारतहळ्ळीपासून फार दूर नसलेल्या बेळ्ळंदूर तलावाने २०१७ साली पेट घेतला, पाण्यावर धूर दिसला. भाकितातील सीमा ओलांडल्याचे दुःख नाही, शहरे वाढतातच. तलावांकडे पाहण्याची ती नजर मात्र वाढत्या शहराने मागेच सोडली.

लालबागेची सहल निघाली की मुले धावतच खडक चढतात. बुरुजापाशी पोहोचल्यावर काहींचे हात खिशातील खिळ्याकडे जातात, दगडावर नाव कोरण्यासाठी. त्यांना तेथेच थांबवावे लागते. ३०० कोटी वर्षे म्हणजे किती, हे फळ्यावरील शून्यांनी कधीच कळत नाही. उन्हाने तापलेल्या त्या खडकावर तळहात ठेवल्यावर थोडेसे कळते. मग कुणीतरी हमखास विचारते, “आपली शाळा कुठे?” शिक्षक पूर्वेकडे बोट दाखवितात. त्या दिशेला उंच इमारतीच दिसतात, तरी मुले टाचा उंचावून पाहत राहतात.