खेळ संपतो तेव्हा

(नांदेड आणि लातूर येथील युवक मेळाव्यांत झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



नांदेडच्या माणसाला हॉकी शिकवण्याची गरज नाही. दशमेश गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ साली याच गोदातीरी देह ठेवला आणि त्यांच्याच पुण्यनामाने येथे गेली अनेक दशके हॉकीची अखिल भारतीय स्पर्धा भरते. हिवाळा आला की निरनिराळ्या प्रांतांतील संघ या नगरीत उतरतात आणि एरवी क्रिकेटच्या धावांत अडकलेली तरुण मंडळी पेनल्टी कॉर्नरवर वाद घालू लागतात. लातूरची ओळख निराळी. हरिश्चंद्र बिराजदार आणि काका पवार यांच्यासारखे मल्ल देणारी ही तांबडी माती आज मात्र देशभर ओळखली जाते ती 'लातूर पॅटर्न'मुळे. एका शहराने मैदान जपले, दुसऱ्याने अभ्यासिका. या दोन्ही शहरांतील घराघरांत आज जो प्रश्न विचारला जातो, तो मात्र एकच आहे : "खेळून पुढे काय करणार?"

हा प्रश्न विचारणाऱ्या बापाला नावे ठेवणे सोपे आहे. पण तो अडाणी नाही, अनुभवी आहे. त्याने गावातला चांगला पैलवान चाळिशीत दुसऱ्याच्या दारात कामाला उभा राहिलेला पाहिला आहे. म्हणून या प्रश्नाला घोषणेने नव्हे, उदाहरणाने उत्तर दिले पाहिजे. ते उदाहरण वीरेन रस्किन्हा यांचे.

वीरेन यांचा जन्म १३ सप्टेंबर १९८० चा, मुंबईचा. वांद्र्याचे सेंट स्टॅनिस्लॉस विद्यालय म्हणजे मुंबईतील हॉकीची जुनी तालीमच. तेथून ते पुढे आले. मैदानावरील त्यांची जागा मधल्या फळीची. हॉकी पाहणाऱ्यांना या जागेचे मोल ठाऊक आहे. गोल करणाऱ्याचे छायाचित्र छापून येते, गोल अडवणाऱ्याचेही येते. मागून आलेला चेंडू ताब्यात घेऊन योग्य क्षणी पुढच्याच्या काठीवर पोहोचविणारा हाफ मात्र वृत्तपत्रात सहसा दिसत नाही. संघ चालतो तो त्याच्या पायांवर. भारताकडून त्यांनी १८० आंतरराष्ट्रीय सामने खेळले आणि त्यांना अर्जुन पुरस्कारही मिळाला.

२००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये ते भारतीय संघात होते. त्याच संघात खडकीचे धनराज पिल्ले होते आणि ते त्यांचे चौथे ऑलिम्पिक होते. दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मोडक्या काठ्या बांधून खेळायला शिकलेल्या या अद्वितीय खेळाडूने चार ऑलिम्पिक खेळावीत आणि एकही पदक हाती येऊ नये, ही भारतीय क्रीडाक्षेत्राची लाजिरवाणी गोष्ट आहे. स्पर्धा तोंडावर आली असताना संघाचा प्रशिक्षक बदलण्यात आला. भारत सातवा आला. दोष खेळाडूंच्या रक्तात नव्हता, व्यवस्थेत होता. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकपासून हॉकी कृत्रिम हिरवळीवर गेली आणि आमची पोरे कित्येक वर्षे मुरमाड जमिनीवरच घडत राहिली. ज्या देशाने ध्यानचंदांना जन्म दिला, त्या देशाला हे समजायला फार उशीर झाला.

मग उजाडले २००८. नांदेडकरांना हे वर्ष विसरता येणार नाही. गुरुता गद्दीच्या त्रिशताब्दीने सारे शहर उजळले होते. भारतीय हॉकीसाठी मात्र ते वर्ष काळे ठरले. मार्चमध्ये चिलीतील सान्तियागो येथे ब्रिटनकडून हार झाली आणि १९२८ नंतर प्रथमच भारताचा हॉकी संघ ऑलिम्पिकला मुकला. त्याच वर्षी वीरेन यांनी आंतरराष्ट्रीय हॉकीचा निरोप घेतला. वय अवघे सत्तावीस. हाफ म्हणून हातात आणखी चार-पाच वर्षे सहज होती. प्रीमियर हॉकी लीगमुळे खेळाडूला थोडाफार पैसा दिसू लागला होता, तेथील 'मराठा वॉरियर्स' हे नाव आपल्याकडेही गाजले होते. हे सोडून या तरुणाने कुठे जावे? हैदराबादच्या 'इंडियन स्कूल ऑफ बिझनेस'च्या वर्गात.

(मराठवाड्याच्या माणसाला हैदराबाद म्हटले की निजाम, रझाकार आणि स्वामी रामानंद तीर्थ आठवतात, ते स्वाभाविकच आहे. पण आज आपल्या भागातली मुले त्याच शहरात शिकायला आणि नोकरीला जातात, हेही तितकेच खरे.)

हा निर्णय वाटतो तितका सोपा नव्हता. शाळेच्या वयापासून ज्याची सकाळ मैदानावर गेली, त्याने अंकगणित, हिशेब आणि बाजारपेठ यांच्या पुस्तकांत डोके घालायचे; आणि ज्यांनी वर्षानुवर्षे कार्यालयांत काम केले आहे, अशांच्या बरोबरीने वर्गात बसायचे. देशाचा गणवेश घातलेल्या माणसाला पुन्हा पहिल्या बाकावरचा विद्यार्थी होता आले पाहिजे. अनेक मोठे खेळाडू येथेच अडतात. टाळ्यांची सवय सुटत नाही. वीरेन यांची सुटली, हे त्यांचे १८० सामन्यांहून मोठे यश मानावे लागेल.

पदवी घेतल्यावर मोठ्या पगाराची वाट मोकळी होती. २००९ मध्ये ते दाखल झाले 'ऑलिम्पिक गोल्ड क्वेस्ट' या संस्थेत. बिलियर्ड्सचे गीत सेठी आणि बॅडमिंटनचे प्रकाश पदुकोण या दोन विश्वविजेत्यांनी ही संस्था स्थापली. पुढे वीरेन तिचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. रूढ अर्थाने ते व्यापारी झाले नाहीत. नफा वाटून घेणारी ही पेढी नाही. पण काम चालते ते काटेकोर उद्योगाच्या शिस्तीने. उद्योगपतींकडून आणि सामान्य नागरिकांकडून देणग्या मिळवायच्या, गुणी खेळाडू शोधायचे आणि त्याला नेमके काय कमी आहे ते पाहायचे. कुणाला परदेशी प्रशिक्षक हवा असतो, कुणाला दुखापतीवर उपचार करणारा तज्ज्ञ, कुणाला योग्य आहार, कुणाला नुसत्या काडतुसांचा पुरवठा. दिलेल्या रुपयाचा हिशेब दात्याला द्यायचा आणि दर चार वर्षांनी निकाल साऱ्या देशासमोर.

निकाल काय लागला? २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये भारताने सहा पदके मिळविली. त्यांतील सायना नेहवाल, मेरी कोम, गगन नारंग आणि विजयकुमार हे चौघे या संस्थेच्या पाठबळावर उभे होते. २०१६ मध्ये रिओत रौप्यपदक जिंकणारी सिंधूही त्यांतलीच. ज्याच्या स्वतःच्या गळ्यात ऑलिम्पिकचे पदक पडले नाही, तो इतरांच्या गळ्यात ते पडावे म्हणून पडद्याआड हिशेबाच्या वह्या सांभाळतो आहे. मधल्या फळीतला खेळाडू निवृत्त झाला तरी जागा सोडत नाही, असेच म्हणावे काय?

आपल्या विचारपरंपरेला यात नवे काही वाटू नये. समाजाची कामे समाजाने उचलावीत, प्रत्येक गोष्टीसाठी सरकारच्या दारात उभे राहू नये, हे आपण सतत सांगत आलो. १९९३ च्या भूकंपानंतर हरंगुळला जनकल्याण समितीने शाळा उभी केली ती याच भावनेने. खेळाच्या बाबतीत मात्र आपली देणगी हारतुऱ्यापुरती असते. पदक आले की मिरवणूक, सत्कार, फलक. पदक येण्याआधीची आठ-दहा वर्षे त्या मुलीच्या बुटांचे पैसे कोण देतो, हे विचारायला कुणी जात नाही. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये उद्घाटनाला तिरंगा घेऊन चालणाऱ्या दोघांपैकी एक, भाग्यश्री जाधव, आपल्या नांदेड जिल्ह्याची. त्या क्षणी सगळ्यांचा ऊर भरून आला. तिच्या सरावाच्या दिवसांत तिची चौकशी किती जणांनी केली होती, ते ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत. ते घ्यावेत, तो हक्क आहे. पण नुसत्या प्रमाणपत्रासाठी खेळणारा मुलगा खेळाडूही होत नाही आणि विद्यार्थीही राहत नाही. वीरेन यांनी दोन्ही गोष्टी पूर्ण केल्या, एकामागून एक. अर्धवट काहीच ठेवले नाही.

लातूरच्या शिकवणी वर्गांच्या गल्लीत सायंकाळी पाठीवर दप्तर घेऊन चाललेल्या हजारो मुलांचे लोंढे दिसतात. त्यांच्यातल्या एखाद्याला तासभर मैदानावर पाठवायला कोणता शिक्षक धजावेल? आणि नांदेडच्या स्पर्धेत खेळणाऱ्या पोराला सामना संपल्यावर पुस्तक उघडायला कोण लावील? पुढच्या हिवाळ्यात संघ पुन्हा येतील. तेव्हा सामने पाहायला जाणाऱ्यांनी आपल्या वस्तीतल्या एका तरी खेळाडूच्या घरी जाऊन यावे. त्याच्या आईला विचारावे, काठी कितीला पडली, आणि कॉलेजची फी भरली का.