खडू मागच्या बाकापर्यंत गेला पाहिजे
(विद्यार्थी दिवसानिमित्त पिंगळी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात एका मुलाचे नाव लिहिले गेले. भिवा रामजी आंबेडकर. ती शाळा पुढे प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाऊ लागली. या शाळाप्रवेशाची आठवण म्हणून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०१७ साली घेतला. त्या निमित्ताने आपण येथे जमलो आहोत.

आम्ही काही शिक्षक नव्हेत. कला शाखेची पदवी घेऊन बँकेच्या काउंटरमागे बसणारे कारकून आहोत. म्हणून आज उपदेश करण्यापूर्वी आम्ही तुमचेच म्हणणे मागवून घेतले. मागच्या रविवारी अभ्यासिकेतील मुलामुलींना कागदाच्या चिठ्ठ्या दिल्या आणि सांगितले, नाव लिहू नका, फक्त लिहा : मी शिक्षक झालो तर. हा विषय परीक्षेत नेहमी येतो आणि गाईडमधले उत्तरही ठरलेले असते. मी सर्वांना समान वागवीन, मी आदर्श नागरिक घडवीन वगैरे. आम्ही म्हटले, गाईड घरी ठेवा आणि मनातले लिहा.

मनातले आले ते असे. कोणी लिहिले, मी एकच तास घेईन आणि बाकी वेळ कबड्डी ठेवीन. हे आम्हास मान्य आहे! कोणी लिहिले, कविता चालीवर शिकवीन. एकाने लिहिले, गृहपाठ आणला नाही तर आधी कारण विचारीन, मग रागवीन. एका चिठ्ठीत होते, जो मागे बसतो त्याला रोज एकदा तरी फळ्यावर बोलवीन. आणि एका चिठ्ठीत एवढेच होते : कोणी 'कामून' म्हटले तर वर्गाला हसू देणार नाही.

मात्र बऱ्याच चिठ्ठ्यांत छडी होती. मी कडक शिस्त ठेवीन, बोलणाऱ्याला उभे करीन, पाढे न येणाऱ्याला मारीन.

बंधू-भगिनींनो, याचे आश्चर्य वाटून घेऊ नका. ५ सप्टेंबरला शिक्षक दिनी आपल्या शाळांतून स्वयंशासन दिन होतो. दहावीच्या मुली साड्या नेसून येतात, मुले खिशाला पेन लावून येतात, एक जण मुख्याध्यापक होतो आणि एक जण शिपाई होऊन घंटा देतो. वर्गात शिरल्याबरोबर या एका दिवसाच्या गुरुजींचा पहिला हुकूम कोणता असतो? हाताची घडी, तोंडावर बोट! कारण मूल जसे शिकले तसेच शिकविते. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलाला मारण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली. कायद्याने छडी बंद केली, परंतु मनातली छडी कायद्याने जात नाही. खुर्चीवर माणूस बदलला म्हणून वर्ग बदलत नाही.

मग वर्ग कोण बदलतो? खुर्चीवर बसल्यावरही जो आपली जुनी जागा विसरत नाही, तो बदलतो.

बाबासाहेबांची वर्गातील जागा कोणती होती, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. बसायला वेगळे गोणपाट, आणि तेही रोज घरी न्यायचे. तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ उघडला तर पाणी, शिपाई नसेल तर पाणी नाही. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधला प्रसंग चरित्रकारांनी सांगितला आहे. शिक्षकांनी गणित सोडविण्यास फळ्यापाशी बोलावले, तेव्हा वर्गातील मुलांनी गलका करून फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे घाईने बाजूला काढले. मित्रांनो, विचार करा. त्या मुलाला गणित येत होते. अडचण होती ती बसल्या जागेपासून फळ्यापर्यंतच्या चार पावलांची.

हाच विद्यार्थी १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला. पुढे १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले. तेथे वर्ग सकाळी भरविले, का, तर दिवसा नोकरी करणाऱ्या गरिबाला शिकता यावे म्हणून. १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू केले, तेच मिलिंद महाविद्यालय. निजामी राजवट संपून तेव्हा दोनच वर्षे झाली होती आणि मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय अगदी तोकडी होती. मराठवाड्यातील कितीतरी घरांतला पहिला पदवीधर तेथूनच बाहेर पडला. ज्याला फळा दूर ठेवला होता, त्याने फळा मराठवाड्याच्या दारात आणून ठेवला. 'मी शिक्षक झालो तर' या प्रश्नाचे याहून मोठे उत्तर आम्हास ठाऊक नाही.

दुसरे उदाहरण मुक्ता साळवे हिचे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातील शाळेत शिकणारी मातंग समाजातील ही मुलगी. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. तिने पाठ केलेले उतरवून काढले नाही, तर प्रश्न विचारले, आणि तेही समाजाला आणि धर्माला. जी शाळा अशी विद्यार्थिनी घडविते, तेथे 'तोंडावर बोट' नसणार, हे उघड आहे.

मुलांनी मुलांना शिकविणे हीही नवी गोष्ट नव्हे. मद्रासच्या अनाथाश्रमात अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने अठराव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या मुलांकरवी लहानांना वाळूत अक्षरे गिरवून शिकविली. ती वाळूची युक्ती आपल्याच देशी शाळांची होती. आपल्याकडे धूळपाटी होतीच. पुढे ही पद्धत इंग्लंडात गेली. मात्र तिच्यात एक उणीव राहिली. वरून सांगितले तेवढेच मुलाने खाली सांगायचे. विचारण्यास जागा नव्हती.

ती जागा इटलीतील बार्बियाना या डोंगरी खेड्यात सापडली. तेथे लोरेन्झो मिलानी या पाद्र्याने शेतकऱ्यांच्या मुलांची शाळा चालविली. मोठी मुले लहानांना शिकवीत, आणि जो सर्वांत मागे पडला असेल त्याला समजेपर्यंत पुढचा धडा घेत नसत. तेथील आठ मुलांनी मिळून शिक्षिकेला उद्देशून एक पुस्तक लिहिले, ते १९६७ साली प्रसिद्ध झाले. त्यांचे गाऱ्हाणे हेच की शाळा गरिबाच्या मुलांना नापास करून बाहेर घालविते. बार्बियाना आणि पिंगळी यांच्यात समुद्र आहेत, पण हे गाऱ्हाणे आपल्या ओळखीचे आहे.

कारण त्याचा परिणाम आम्ही रोज काउंटरवर पाहतो. अंगठा उठविणाऱ्या म्हाताऱ्या मंडळींचे आम्हास वाईट वाटते, परंतु त्यांना शाळाच मिळाली नव्हती. जास्त वाईट वाटते ते दहावी झालेला तरुण पैसे काढण्याची स्लिप पुढे करून म्हणतो, 'साहेब, तुम्हीच भरा,' तेव्हा. त्याला लिहिता येत नाही असे नाही. त्याला चुकण्याची भीती वाटते. दहा वर्षे वर्गात बसून तो एवढेच पक्के शिकला, की चुकले की लोक हसतात. म्हणून आम्ही ती 'कामून'ची चिठ्ठी जपून ठेवली आहे. आपल्या घरात 'का' याला 'कामून' म्हणतात. त्या शब्दाला वर्ग हसला, तर मूल तो शब्द टाकून देते आणि त्याबरोबर प्रश्न विचारणेही टाकून देते. प्रमाण भाषा शिकलीच पाहिजे, ती स्पर्धा परीक्षेला लागते. पण आधी प्रश्न जिवंत राहिला पाहिजे.

आणि जी मुले वर्गात नाहीतच, त्यांचे काय? दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला कुटुंबे जातात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहे असतात, तरी कितीतरी मुले आईबापांबरोबर फडावर जातात. हजेरीपटावर रोज गैरहजेरी पडते. परत आल्यावर ते मूल मागे बसते, आणि काही दिवसांनी तेही बसत नाही. मुलगी असेल तर तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. ही काही महिन्यांची गैरहजेरी एका जन्माची होऊन बसते.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, शिक्षक होण्यासाठी डी.एल.एड. होईपर्यंत थांबू नका. आपल्या अभ्यासिकेत दर रविवारी एक तास तुमचा असावा, असे आम्ही संस्थेस सुचवितो. त्या तासाचे नियम तुमच्याच चिठ्ठ्यांतून काढले आहेत. पहिला, शिकविण्याची पाळी सर्वांना यावी. केवळ पहिल्या नंबरच्या मुलानेच शिकवावे असे नाही, कारण ज्याला अपूर्णांक अडले होते त्यालाच ते कोठे अडतात हे ठाऊक असते. दुसरा, तास संपण्यापूर्वी खडू मागच्या बाकापर्यंत गेला पाहिजे. तिसरा, चुकलेल्याला हसणाऱ्याने तोच प्रश्न स्वतः समजावून सांगावा. चौथा, जो फडावर गेला त्याची वही गावातील दोन सोबत्यांनी लिहून ठेवावी आणि तो परत येईल त्या दिवशी ती त्याच्या घरी नेऊन द्यावी. वह्यांचा खर्च संस्थेने उचलावा. त्यात आमचा वाटा आम्ही आजच अध्यक्ष महोदयांकडे देत आहोत.

पालकांसही विनंती आहे. मुलगा घरी आल्यावर 'किती मार्क पडले' हे अवश्य विचारा, पण 'आज गुरुजींना काय विचारलेस' हेही विचारा. ज्या घरी हा प्रश्न विचारला जाईल, त्या घरचे मूल बँकेत येईल तेव्हा आपली स्लिप आपणच भरील, आणि आमच्या हिशेबात चूक झाली तर 'हे असे कामून?' असे आम्हालाही विचारील. त्या ग्राहकाची आम्ही वाट पाहत आहोत.

 आता मात्र शांत बसू नका, प्रश्न विचारा. जयभीम!