अंगठ्याआधी हिशेब
(वैराग येथील शेतकरी मेळाव्यातील भाषण)



कृषी पदवी घेताना आम्ही बोंडअळी ओळखायला शिकलो. कर्जाचा कागद वाचायला कुणी शिकवले नाही.

१८५९ च्या कायद्याने साध्या रोख्याची मुदत ३ वर्षांवर आणली. कायदा कुळाच्या भल्याचा. पण मुदत सरत आली की सावकार व्याज मुदलात घालून नव्या रोख्यावर अंगठा घेई. १८७५ मध्ये सुप्याला रोखे जळाले. मग १८७९ च्या कायद्याने आपल्या सोलापूरसह ४ जिल्ह्यांत कोर्टांना रोख्यामागचा मूळ हिशेब तपासायला लावले.

आजही साध्या कर्जाच्या दाव्याची मुदत ३ वर्षे, जमीन गहाण असेल तर १२. मुदतीत कर्ज मान्य करून सही दिली, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मुदत गेल्यावरही ‘फेडीन’ असे सहीनिशी लिहून दिले, तर ते बांधते. सोसायटीची वसुली मात्र वेगळ्या कायद्याने चालते. तिथे हे गणित लावू नका.

घेतलेले बुडवा, असे आम्ही सांगत नाही. ज्वारी काढणीच्या धांदलीत कुणी जुन्या कर्जाचा कागद पुढे केला, तर आधी प्रमाणित खातेउतारा मागा. मुद्दल, व्याज, जमा पावत्या ताडून पाहा. मगच सही.