रबरबँडवर धावणारं इंजिन

अमेरिकेतल्या अ‍ॅथर्न कंपनीनं 1950च्या दशकाच्या अखेरीस एचओ मापाची, म्हणजे 1:87 प्रमाणातली, मॉडेल रेल्वेची स्वस्त डिझेल इंजिनं काढली. त्यांत दातेरी चाकं नाहीत. मोटरच्या दांड्यावरून थेट चाकांच्या आसांवर रबरबँड. वेग भन्नाट, पण हळू चालवायचं म्हटलं की पंचाईत!

रबर सुकतं, तडकतं, कधी आसावर चिकट काळा थर सोडतं. तो स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून मगच नवा बँड चढवावा. तेल फक्त बेअरिंगला, तेही सुईच्या टोकाएवढं. रबराला लागलं की बँड घसरलाच. फार ताणलेलाही नको, मोटर तापते. नेमक्या मापाच्या नायट्रिल ओ-रिंग मिळाल्या, तर त्या जास्त टिकतात. संथ चालीचाच हट्ट असेल, तर मात्र गिअर बसवलेले बरे.